थंड पाण्यातल्या चादरी

वर लटकवलेली रक्ताची पिशवी हळूहळू रिकामी होत होती, म्हणजे खाली ताई हळूहळू भरायला हवी होती. साधा हिशेब होता, आणि नेमका तोच जुळत नव्हता. पिशवी चढली की ताईच्या ओठांना रंग यायचा, ती उठून बसायची, शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंशी गप्पांचा फड जमवायची. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं की आकडा पुन्हा जिथल्या तिथे. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई कागदाकडे बघून भुवया आवळायच्या. "अहो, पण जातंय कुठे हे रक्त?" असं त्या विचारायच्या आणि ताई ओशाळून जायची. आपणच ते कुठेतरी दडवून ठेवलंय, असं तिला वाटायला लागलं होतं.

ताई म्हणजे लाँड्रीवाली. चाळिशीला आलेली, दंडात ताकद, तोंडात जोर, आणि नुसत्या वासावरून साबण ओळखण्यात पटाईत. लाँड्री तिच्या आईनं आणि मावशीनं, दोघी बहिणींनी मिळून काढलेली. ताई आठ वर्षांची असताना धाकटा भाऊ जन्मला आणि त्याच दिवशी आई गेली. वडीलही पुढे फार टिकले नाहीत. मावशीनं लाँड्री सांभाळली, ही दोन पोरंही सांभाळली, आणि दोन्ही कामं एकाच पद्धतीनं केली: घासून, पिळून, कडक इस्त्री मारून. ताईनं लग्न केलं नाही. लाँड्री आणि धाकटा यांच्यातून सवडच मिळाली नाही असं ती सांगायची, आणि ते बरंचसं खरं होतं.

धाकटा आता तिशी ओलांडून गेलेला बाप्या, तरी धाकटाच. घरोघरी गाठोडी पोचवायची, मळकी घेऊन यायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याला कारण होतं. मावशीचा पारा चढला की तिच्या तोंडून एक वाक्य सुटायचं, "आईला गिळूनच आलास तू!" मनात वाईट नसायचं तिच्या, खळीचं पातेलं लवंडलं तरी हेच वाक्य आणि इस्त्री जास्त तापली तरी हेच. पण पोराच्या मनात ते घर करून बसलं. त्याच्या वाढदिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे, कारण आई गेली तोही तोच दिवस. शुभेच्छा द्यायच्या की गप्प बसायचं, हे ताईला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नव्हतं.

आता या घराची एक गंमत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लाँड्रीत अख्ख्या गावाच्या चादरी येतात. त्यांच्यावर काय काय असतं ते लाँड्रीवाल्यांनाच ठाऊक, आणि चांगला लाँड्रीवाला ते पोटात ठेवतो. रक्त तर असतंच. कुणाचा गुडघा फुटलेला, कुणाची पाळी, कुणाला दाढी करताना लागलेलं. ताईनं लहानपणापासून या डागांत हात घातलेले: थंड पाणी, मूठभर मीठ, भरपूर वेळ भिजत ठेवायचं, गरम पाणी चुकूनही नाही, नाहीतर डाग कपड्याचाच होऊन बसतो. त्यामुळे माणूस म्हटला की रक्त जायचंच, अशी या घराची पक्की समजूत. घरातल्या गाद्यांवर गडद तपकिरी चादरी. प्रत्येकाच्या उशाशी एक जुना टॉवेल. धाकट्याचा घोळणा फुटला की तो मुकाट्यानं न्हाणीघरात जाऊन बसायचा आणि बराच वेळ त्याला कोणी हाकही मारायचं नाही. पाळीचे दिवस ताई दुकानात मागच्या बाजूला, मोरीजवळ बसून काढायची. सगळ्यांच्या घरी असंच असणार, यात विचारण्यासारखं काय होतं?

म्हणून ताई काउंटरवरच चक्कर येऊन पडली आणि तिला हॉस्पिटलात आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांना तिनं अगदी मनापासून उत्तरं दिली.

"घरात कुणाला रक्तस्रावाचा त्रास आहे?"

"छे हो, कुणालाच नाही."

"आमच्यात सगळे ठणठणीत," मावशीनं पुस्ती जोडली.

"पाळीत किती जातं?"

"नेहमीचंच."

हे नेहमीचं डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मापानं लिहून घेतलं. ताईनं ते आपल्या मापानं सांगितलं होतं. पाळी चालूच होती, ती थांबावी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. बाकी तपासण्या ठीक निघाल्या. रक्ताच्या पिशव्या लागल्या.

आणि मग मावशीनं वॉर्डातली चादर पाहिली. "ही काय चादर? नुसती नीळ थापलीय," असं म्हणून तिनं नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या चादरी आणायला सुरुवात केली. घरच्या म्हणजे गाद्यांवरच्या तपकिरी नव्हेत. दुकानातल्या ठेवणीतल्या, पांढऱ्याशुभ्र. रोज सकाळी डॉक्टर फेरीला यायच्या आत ती ताईला एका कुशीवर वळवायची, खालची चादर गुंडाळायची, नवी सरकवायची, ताईला दुसऱ्या कुशीवर घ्यायची की झालं. मळकी चादर थेट पिशवीत, पिशवी खाटेखाली, आणि दुपारी घरच्या बादलीत, थंड पाण्यात. नर्स तर तिच्यावर खूश. एका खाटेचं काम कमी झालं म्हणून तिनं मावशीला दोनदा चहा पाजला.

"एवढं कशाला करतेस?" ताई एकदा म्हणाली.

"लाँड्रीवालीच्या पोरीखाली डाग दिसला तर लोक तोंडात शेण घालतील. पडून राहा तू."

त्यामुळे रोज डॉक्टरीणबाईंना दिसायची ती निष्कलंक चादर आणि तिच्यावर दिवसेंदिवस तिच्याच रंगाची होत चाललेली ताई. पाळी गोळ्यांनी आटोक्यात आली, असं त्या धरून चालल्या. मग रक्त आतल्या आत कुठेतरी जात असणार. त्यांनी घशातून नळी घालून पोट पाहिलं, दुसरीकडून आतडी पाहिली, यंत्राखाली घालून सगळी ताई पाहिली. कुठेही काही नाही.

ताईच्या तर सगळं डोक्यावरून जात होतं. चादरीत जातं ते तिच्या लेखी नेहमीचं होतं. डॉक्टर शोधत होते ते कुठलंतरी निराळंच, आजारी माणसाचं रक्त असणार, असं ती समजून चालली होती. मधेच तिला भलतेसलते विचार सुचायचे. कुणा अनोळखी माणसानं बाही वर करून हे रक्त दिलं, ते आपल्या अंगातून दोन दिवस फिरलं आणि निघून गेलं. त्याला कळलं तर काय वाटेल? आपल्याला काल आजीबाईंचा विनाकारण राग आला तो आपला की त्याचा? आईच्या चेहऱ्याची आठवण काढायला जावं तर मावशीचाच चेहरा डोळ्यांपुढे यायचा. ही अशक्तपणाची भूल आहे की आपण खरंच विसरलो, तेही तिला समजेना.

शेवटी एके दिवशी सकाळच्या फेरीत डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, "उद्या पोट उघडून बघावं लागेल. दुसरा मार्ग दिसत नाही मला. रक्त हाताशी ठेवायचंय, घरातल्या कुणीतरी रक्तपेढीत देऊन या."

ताईनं मान डोलावली आणि त्या वळताच तिला रडू कोसळलं. भीती मरणाची होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आपण गेलो तर घरात मावशी आणि धाकटा दोघेच उरणार, आणि मधे ते वाक्य. ते वाक्य सुटलं की आजवर ताई मधे पडायची, "मावशी, पुरे" म्हणायची. उद्यानंतर कोण म्हणणार होतं? आणि त्यात धाकटा रक्त द्यायला निघाला होता; म्हणजे ताई टेबलावरच गेली तर तोही आपलाच दोष असं तो धरून बसणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

धाकटा तसाच उठून सकाळीच पेढीत गेला. तिथे त्याला छापील प्रश्न विचारले: रक्त थांबायला त्रास होतो का? नाही, असं त्यानं ठामपणे सांगितलं. रक्त थांबतं की! कधी ना कधी थांबतंच. तिथून तो दोन गाठोडी पोचवून, जेवणाच्या सुमाराला ताईकडे आला आणि खाटेच्या पायथ्याशी टेकला.

"दिलंस?" ताईनं विचारलं.

"हो."

"दुखलं का?"

"नाही." मग तो म्हणाला, "तुलाच मिळेल का गं माझं?"

"सगळ्यांचं एकत्र जमा होतं म्हणे. जुळेल ते देतात."

त्याचा चेहरा पडला. त्याला नेमकं आपलंच रक्त तिला द्यायचं होतं, हे ताईला उमगलं. तो हात मांडीवर ठेवून बसला. तेवढ्यात खाटेपलीकडे बसलेली मावशी ओरडली.

"अरे, चादर! चादर बघ मेल्या!"

कोपरावर चिकटवलेला कापूस कधीच भिजून गेला होता. शर्टाची बाही मनगटापर्यंत लाल झाली होती आणि सकाळीच घातलेल्या पांढऱ्या चादरीवर थेंब पडत होते. धाकट्यानं सवयीनं टॉवेल ओढून कोपराखाली धरला. मावशीनं त्याहून जास्त सवयीनं खाटेखालची पिशवी ओढली, कोरी चादर झटकली आणि ताईच्या कमरेला हात घातला.

"थांबा," दारातून आवाज आला. उद्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. "हे काय झालं हाताला?"

"रक्त दिलं," धाकटा म्हणाला.

"आत्ता?"

"सकाळी."

"सकाळी? आणि अजून वाहतंय?"

"थांबेल की. आमचं जरा उशिराच थांबतं."

"त्याचं काही मनावर घेऊ नका हो," मावशी म्हणाली. "लहानपणी घोळणा फुटला की शाळा बुडवून दोन-दोन दिवस घरी असायचा. मुलं म्हटली की चालायचंच."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली, धाकट्याचा हात उंच धरून घट्ट बांधायला लावला आणि स्वतः स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर खाटेजवळ बसतात असं त्या वॉर्डात कोणी पाहिलं नव्हतं. आजीबाईही उशीला टेकून नीट ऐकायला लागल्या.

"मावशी, तुमचा कधी दात काढलाय?"

"काढलाय ना. दाढ. तीन दिवस मांडीवर वाटी घेऊन बसले होते. सगळेच बसतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे..." मावशीनं ताईकडे पाहिलं. ताईनं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा आपल्या हाताकडे बघत होता. "आम्ही," मावशी म्हणाली.

"मी तर तासाभरात घरी जाऊन भाकरतुकडा खाल्ला होता," आजीबाई मधेच बोलल्या. विचारलं नव्हतं कोणी, पण बोलल्या ते बरं झालं.

"आणि या पिशवीत काय आहे?"

मावशी पिशवीवर हात ठेवून बसली. लाँड्रीच्या धंद्यात दुसऱ्याची मळकी चादर दाखवत नाहीत, मग स्वतःची कोण दाखवणार? शेवटी ताईच म्हणाली, "दाखव गं." डॉक्टरीणबाईंनी सकाळची चादर बाहेर काढून उलगडली आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे आजचं?"

"आजचं. कालची घरी वाळतेय," मावशी म्हणाली, आणि सवयीनं पुढे म्हणाली, "डागाचा मागमूस नाही राहिला."

"रोज एवढं?"

"नेहमीचंच," ताई म्हणाली. पण या वेळी तो शब्द तिच्याच तोंडात अडखळला. तिला दुकानातली गाठोडी आठवली. एवढ्या घरांच्या एवढ्या चादरी, आणि त्यांत रक्ताच्या किती? बोटाएवढा डाग, तळव्याएवढा डाग. मीठ मूठभर पुरायचं त्यांना. आणि मीठ पोत्यानं संपायचं ते कुणासाठी? त्यांच्याच तपकिरी चादरींसाठी. आयुष्यभर दुसऱ्यांची धुणी धुतली आणि स्वतःचं धुणं कधी त्यांच्या शेजारी ठेवून पाहिलंच नाही. ताईला स्वतःचा इतका राग आला की हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिला ठसका लागला.

डॉक्टरीणबाईंनी उद्याचं ऑपरेशन तिथल्या तिथे रद्द केलं. त्यांनी समजावलं ते असं: रक्त गोठायला एक द्रव्य लागतं, ते काही घराण्यांत जन्मापासूनच कमी असतं. साध्या तपासण्यांत ते कळत नाही, त्याची तपासणी वेगळी. ताईला चढवलेल्या लाल पिशव्यांमधून तर ते आधीच वेगळं काढलेलं असतं. म्हणून रक्त यायचं आणि जायचं, थांबवणारं मात्र काही यायचं नाही. "खात्रीची तपासणी यायला दिवस लागतील, पण मी तेवढं थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या पोट उघडलं असतं तर मला ते रक्त थांबवता आलं नसतं."

ताईला निम्मंच कळलं, पण शेवटचं वाक्य पुरतं कळलं.

थोड्या वेळानं नवी पिशवी आली ती लालच नव्हती. फिकट पिवळट, गढूळसर. मावशीनं ती उजेडात धरून बघितली. "हे रक्त? ही तर खळ आहे."

"खळच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मावशीला वैद्यकशास्त्र पटलं.

त्या निघाल्या तेव्हा धाकटा उठून उभा राहिला. बांधलेला हात छातीशी धरून, बोलायची सवय नसलेल्या माणसासारखं तो एका दमात बोलला. "आमची आई माझ्या जन्माच्या दिवशी गेली. रक्त जाऊन. ते हेच होतं का?"

"मी त्यांना तपासलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्या मावशीला आहे, तुम्हा दोघांना आहे असं दिसतंय. बहुतेक हेच."

"म्हणजे मी..."

"बाळामुळे नाही जात कोणी असं. रक्त थांबलं नाही, म्हणून गेल्या."

त्या गेल्या. धाकटा उभाच राहिला. सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसावा म्हणून ताई बघत होती, पण तिथे काहीच धड दिसेना. इतकी वर्षं उचललेलं गाठोडं कोणीतरी काढून घेतलं होतं आणि आता हातांचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. "मग मी इतकी वर्षं कशाला..." एवढंच तो म्हणाला.

मावशी त्याच्याकडे न बघता बोलायला लागली. "त्या दिवशी डॉक्टरला बोलावलं होतं. तो जिना चढतोय असं कळलं आणि मी तिच्याखालची चादर बदलली. बाईमाणसाची लाज म्हणून. त्यानं आत येऊन पाहिलं तर पलंग स्वच्छ. म्हणाला, अशक्तपणा आहे, झोपू द्या. गेला निघून." तिचा आवाज फाटला. "ती चादर पण मी अशी धुतली रे, एक ठिपका राहू दिला नाही. तू नव्हतास. तुझा काय संबंध? तू तर एवढासा होतास."

ताईला मावशीचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी मावशीचा हात हातात घ्यावासा वाटला. तिच्या एका हाताला पिवळी पिशवी लावलेली होती. दुसऱ्या हातानं तिनं मावशीचा हात घेतला, कारण राग नंतरही करता आला असता. धाकटा खाली बसला. मग तो म्हणाला, "मावशी, आता चादर बदलू नकोस."

मावशीनं बदलली नाही. त्याच्या हातावरचे थेंब पडलेली ती चादर ताईच्या अंगाखाली तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला तेव्हा मावशी स्टुलावर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीत आवळून धरलेले. नर्सनं "मावशी, आज चादर नाही का?" असं विचारलं तर तिनं फक्त मान हलवली. धाकट्याच्या हाताची पट्टी कोरडी होती. ताईला आत खूप दिवसांनी काहीतरी थबकल्यासारखं वाटत होतं, पण ते खरं की भास, याचा तिला भरवसा नव्हता.

फेरी आली. डॉक्टरीणबाई खाटेजवळ येताच मावशी उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं ताईवरचं पांघरूण बाजूला केलं. चादरीवर काल धाकट्यानं सांडलेले ठिपके होते, वाळून काळपट झालेले, आणि ताईचा नवा डाग होता, तळहाताएवढा.

"बघा, डॉक्टर. मी हात लावलेला नाही."

"एवढाच?" डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "रात्रभरात एवढाच?"

"एवढाच," मावशी म्हणाली. मग तिनं आजीबाईंकडे, नर्सकडे आणि ऐकायला असलेल्या साऱ्या वॉर्डाकडे वळून धाकट्याकडे बोट दाखवलं. "हा माझ्या बहिणीचा मुलगा. ह्याच्यामुळे वाचली ह्याची ताई."

धाकट्यानं कुठे बघायचं ते न कळून चादरीवरच्या आपल्या ठिपक्यांकडे पाहिलं. ते आता गरम पाण्यात पडून चादरीचेच होऊन बसले तरी चाललं असतं, असं ताईच्या मनात आलं.